शाहीर अनंत फंदी : डफापासून वीणेपर्यंत

पाथर्डी तालुक्यांतील मढी हें गांव लहान आहे; परंतु होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथें जी यात्रा भरते ती लहान नव्हे. गर्भगिरीच्या एका टेकडीवर कानिफनाथांची समाधि आहे. तिच्या दर्शनासाठीं गोपाळ, वैदू, घिसाडी, कोल्हाटी, बेलदार अशा नाना जमातींचे लोक दूरदूरहून येतात, आणि म्हणूनच मढीला भटक्यांची पंढरी असें म्हणतात. होळीचा मान गोपाळांचा. रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा मोठा बाजार भरतो. आणि ज्या नाथाला हिंदु भाविक कान्होबा म्हणून हाक मारतात, त्यालाच मुसलमान भाविक शहा रमजान माही सवार या नांवानें ओळखत आले आहेत. अशा यात्रा म्हणजे केवळ देवदर्शनाचीं ठिकाणें नव्हत. महाराष्ट्रांत नाटकगृहें उभीं राहण्याच्या फार पूर्वीं, मोकळ्या माळावर, मशालींच्या उजेडांत, सर्व थरांतील माणसें खांद्याला खांदा लावून उभीं असतां, डफावर थाप पडे आणि तमाशाचा फड रंगे. मराठी शाहिरी कविता लहानाची मोठी झाली ती अशा मैदानांत.

पाथर्डी ज्या जिल्ह्यांत आहे त्या अहमदनगर जिल्ह्याला २०२४ सालापासून अहिल्यानगर असें म्हणतात. याच जिल्ह्याच्या वायव्य भागांत, प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर, संगमनेर वसलें आहे; आणि याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जामखेड तालुक्यांत, चोंडी आणि खर्डा हीं दोन गांवें आहेत. संगमनेरांत एक शाहीर जन्मला. चोंडीच्या लेकीनें त्याच्या आयुष्याला वळण दिलें. आणि खर्ड्याच्या रणांगणानें त्याला त्याच्या एका प्रसिद्ध पोवाड्याचा विषय दिला. हा शाहीर म्हणजे अनंत फंदी. त्याच्याविषयीं सामान्यतः एवढेंच सांगितलें जातें कीं, तो आरंभीं तमासगीर होता, पुढें अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशानें तमाशा सोडून कीर्तनकार झाला आणि त्यानें लोकांना शहाणपणाचे फटके दिले. जणूं काय पूर्वायुष्य हा एक अपराध आणि उत्तरायुष्य हें त्याचें प्रायश्चित्त! परंतु या कवीची रचना आणि त्या काळाचे सन एकमेकांशेजारीं ठेवून पाहिले म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. फंदीनें काय सोडलें आणि काय सोडलें नाहीं, हा प्रश्न म्हणून पुन्हां एकदां विचारण्यासारखा आहे.

अनंताचा जन्म शके १६६६ चा, म्हणजे इ. स. १७४४ चा. आडनांव घोलप, कुळ यजुर्वेदी ब्राह्मणाचें. घराण्याचा पूर्वापार धंदा सराफीचा आणि गोंधळाचा होता, अशी परंपरागत माहिती आहे. या दोन धंद्यांचा मेळ आज चमत्कारिक वाटेल. पण कवीच्या घडणीच्या दृष्टीनें तो मोठा अर्थपूर्ण आहे. सराफाच्या पेढीवर माणसांची पारख होते. कोण खरा, कोण खोटा, कोण कर्जांत बुडाला आणि कोण दुसऱ्यासाठीं जामीन राहून फसला, हें तेथें रोज दिसतें. गोंधळाच्या चौकांत संबळ वाजतो, दिवटी पेटते, तुणतुण्याच्या एका तारेवर देवीचीं आणि वीरांचीं आख्यानें रात्रभर उभीं राहतात, आणि पेंगुळलेल्या श्रोत्याला जागें कसें ठेवावें याची विद्या आपोआप अंगीं येते. अनंत फंदीच्या कवितेंत हे दोन्ही संस्कार दिसतात. त्याची नजर सराफाची आहे आणि आवाज गोंधळ्याचा आहे.

संगमनेर हें त्या काळीं कांहीं आडबाजूचें खेडें नव्हतें. पुणें आणि नाशिक यांच्या वाटेवरील तें पेठेचें गांव. मोगलाई आणि मराठेशाही या दोन्ही अमलांच्या खुणा तेथें होत्या; हिंदु आणि मुसलमान वस्ती शेजारीं शेजारीं नांदत होती. येथेंच अनंताची मलिक फंदी नांवाच्या एका फकिराशीं गट्टी जमली. फंद म्हणजे नाद, छंद; आणि ज्याला असा नाद लागला तो फंदी. फकिराच्या संगतीमुळें लोक अनंतालाही फंदी म्हणूं लागले, आणि त्यानें तें नांव झाडून टाकण्याऐवजीं मिरविलें. आडनांव मागें पडलें, उपनांव पुढें आलें. ब्राह्मणाच्या मुलानें एका मुसलमान फकिराकडून आलेलें नांव आयुष्यभर लावावें आणि महाराष्ट्रानें त्याला त्याच नांवानें ओळखावें, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या प्रदेशांत एकाच समाधीपुढें दोन धर्मांचे लोक दोन नांवांनीं माथा टेकवीत आले, त्या प्रदेशाच्या स्वभावाला मात्र ती धरूनच आहे.

मलिक फंदी, रतन फंदी, राघव फंदी अशा साथीदारांसह अनंताचा फड उभा राहिला. त्या काळचा तमाशा कसा असे हें समजून घेतल्याशिवाय या उद्योगांतील धाडस ध्यानीं येणार नाहीं. रंगमंच नाहीं, पडदा नाहीं, तिकीट नाहीं. मधोमध शाहीर, हातीं डफ; मागें सूर धरणारे झीलकरी; बाजूला तुणतुणें, ढोलकी आणि झांज. स्त्रीवेषांत नाचणारा पोऱ्या. आरंभीं गण, म्हणजे गणेशाचें स्तवन, मग गौळण, मग लावण्या, आणि रात्र चढली म्हणजे प्रतिपक्षाच्या शाहिराशीं सवाल-जवाब. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. एकानें पुराणांतलें कोडें घालावें, दुसऱ्यानें त्याच चालींत तें तेथल्या तेथें उलगडावें. पोथी उघडायला सवड नाहीं, शब्द शोधायला एकांत नाहीं. जो अडखळला त्याची लाज साऱ्या गांवासमोर निघे. होनाजीसारख्या थोर समकालीन शाहिरानें फंदीच्या कवनशक्तीची अथांगता आणि त्याच्या समोर गातांना होणारी प्रतिपक्षाची अवस्था आपल्या कवनांत मोकळ्या मनानें मान्य केली आहे. त्या प्रशस्तीचें मोल हा अखाडा डोळ्यांसमोर आणला म्हणजेच कळतें.

यांतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पंडित कवीला राजाश्रय असे, संतकवीला संप्रदाय असे. पण फडावरच्या शाहिराला समोरच्या समुदायाखेरीज कोणी वाली नव्हता. पद त्यानेंच रचावयाचें, चाल त्यानेंच बांधावयाची, गळा त्याचाच आणि पोटही त्याचेंच. लोकांना रुचलें तर दौलतजादा झाली. न रुचलें तर बिऱ्हाड पुढच्या गांवीं. आज पाश्चात्य देशांत आणि आपल्याही शहरांत स्वतः गीत लिहून, स्वतः चाल लावून, कोणत्याही मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचा आधार न घेतां गाणाऱ्या तरुण कलावंतांचें मोठें कौतुक होतें, आणि तें रास्तही आहे. परंतु मराठी मुलखांत हा मार्ग कांहीं नवा नाहीं. अठराव्या शतकांतील शाहीर त्याच मार्गानें चालत होता. फरक इतकाच कीं, त्याच्या हातीं गिटारीऐवजीं डफ होता.

फंदीच्या या फडाच्या काळाचें राजकीय चित्र ध्यानांत घेण्याजोगें आहे. १७६१ सालीं पानिपतचा संहार झाला तेव्हां तो सतरा वर्षांचा होता. थोरल्या माधवरावांनीं राज्य सांवरलें आणि १७७२ सालीं ते गेले. १७७३ सालीं नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर बारभाईंचें कारस्थान, सवाई माधवरावांचा जन्म, इंग्रजांशीं युद्ध आणि नाना फडणिसांचा दीर्घ कारभार. म्हणजे तिसापासून पन्नाशीपर्यंतचें फंदीचें ऐन उमेदीचें आयुष्य नानांच्या कारकीर्दींत गेलें. राज्यांत भांडणें होतीं, पण पेठा चालू होत्या, यात्रा भरत होत्या, मोहिमेवरून परतलेल्या शिपायाच्या कनवटीला पैसा होता आणि त्याला दोन घटका मन रमविणारें गाणें हवें होतें. याच काळांत शाहिरी बहरास आली. सोलापूरचा राम जोशी, पुण्याचा होनाजी गवळी आणि त्याचा गळा बनलेला बाळा, जेजुरीचा शिकलगार सगनभाऊ, सिन्नरकडचा परशराम शिंपी, कोंकणांतून पुण्यास आलेला प्रभाकर दातार ही सारी मंडळी थोड्याफार वर्षांच्या अंतरानें पुढें आली. ब्राह्मण, गवळी, मुसलमान, शिंपी अशी ही मांदियाळी पाहिली म्हणजे शाहिरीचा दरवाजा किती रुंद होता याची कल्पना येते. वयानें पाहतां फंदी या बहुतेकांपेक्षां वडील; वाट पाडणाऱ्यांपैकीं तो एक.

परंतु दरवाजा रुंद असला तरी तमाशाचा उंबरठा प्रतिष्ठित समाजाच्या दृष्टीनें खालचा होता. तमाशा ऐकावयास सर्वांना हवा. तमासगीर मात्र घरांत नको, अशी रीत होती. ब्राह्मणानें डफ हातीं घ्यावा, नाच्या पोऱ्याच्या शेजारीं उभें राहून शृंगाराच्या लावण्या गाव्यात, सर्व जातींच्या साथीदारांत उठावें बसावें, हें कुळाला काळिमा लावणें समजलें जाई. राम जोशाच्या घरीं हरदासी होती. याच नादापायीं त्याला घर सोडावें लागलें. पुढें शंभरेक वर्षांनीं वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष येथील श्रीधर कृष्ण कुलकर्णी (१८६६–१९४५) पठ्ठे बापूराव होऊन तमाशांत शिरला, तेव्हां त्यालाही वतन आणि जात या दोहोंकडे पाठ फिरवावी लागली. त्याच्या जोडीला जी पवळा रंगभूमीवर उभी राहिली ती संगमनेर तालुक्यांतीलच हिवरगांव पावसा या गांवची महार समाजांतील कन्या. पोऱ्याच्या जागीं स्त्री उभी राहिली, शतक पालटलें; पण कलावंताकडून समाज जी किंमत वसूल करीत होता तींत फारशी सूट पडली नाहीं. फंदीनें ही किंमत पन्नाशीपर्यंत मोजली, हें विसरून चालणार नाहीं.

आतां त्या प्रसिद्ध वळणाकडे यावयाचें. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालीं चोंडी येथें झाला. पति खंडेराव १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पडले, सासरे मल्हारराव १७६६ सालीं वारले, पुत्र मालेराव १७६७ सालीं गेला. आणि त्यापुढें अठ्ठावीस वर्षें या बाईनें महेश्वरीं राहून होळकरांच्या दौलतीचा कारभार केला. काशीविश्वेश्वराचें मंदिर, गयेचें विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, विहिरी आणि धर्मशाळा हीं त्यांच्या औदार्याचीं स्मारकें आहेत. पण त्या स्तुतीला भुलणाऱ्या नव्हत्या. सर जॉन माल्कम यानें मध्य हिंदुस्थानाच्या आपल्या वृत्तांतांत एक आठवण नोंदविली आहे. एका ब्राह्मणानें बाईंच्या गुणवर्णनाचा ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखविला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला, आपण त्या स्तुतीस पात्र नाहीं असें सांगितलें, आणि तो ग्रंथ नर्मदेंत टाकावयास लाविला. ग्रंथकाराची पुढें दखलही घेतली नाहीं.

अशा बाईंनीं फंदीला मात्र उपदेश केला, असें परंपरा सांगते. ब्राह्मणाच्या जन्माला येऊन, अशी वाणी लाभली असतां, ती तमाशांत कां वेचतां. हरिकीर्तनांत लावा, हा त्या उपदेशाचा आशय. येथें एक बारकावा पाहण्यासारखा आहे. बाईंनीं त्याचें कवित्व नर्मदेंत बुडविण्यास सांगितलें नाहीं; त्याची जागा बदलण्यास सांगितलें. स्तुतिपाठकाचा ग्रंथ त्यांना नको होता, पण लोकांशीं थेट बोलणारी ही जीभ वायां जाऊं नये असें त्यांना वाटलें. फंदीनें डफ खालीं ठेवला आणि तो कीर्तनाला उभा राहिला.

हा पालट केव्हां झाला? अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजीं निवर्तल्या. म्हणजे उपदेश झाला तो त्यापूर्वीं. आणि फंदीचें वय तेव्हां फार तर एकावन्न. याच वर्षीं, ११ मार्च १७९५ रोजीं, खर्ड्याची लढाई झाली. चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या थकलेल्या बाकीवरून निजाम अलीशीं तंटा विकोपास गेला होता. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क यानें पुण्याच्या वकिलाशीं उद्दामपणाचीं बोलणीं केलीं होतीं. वीस वर्षांचे सवाई माधवराव छावणींत, परशुरामभाऊ पटवर्धन सेनापति, शिंद्यांकडून जिवबादादा बक्षी, शिवाय होळकर आणि नागपूरकर भोसले, असे सारे मराठे सरदार एका झेंड्याखालीं आले. निजामाकडे रेमाँ या फ्रेंच सरदाराचीं कवायती पलटणें होतीं. लढाई फार वेळ चालली नाहीं. रात्रीं निजामाच्या सैन्यांत गोंधळ उडाला, त्यानें खर्ड्याच्या लहानशा किल्ल्याचा आश्रय केला, तेथें पाण्यावांचून हाल झाले, आणि थोड्याच दिवसांत त्याला तह पत्करावा लागला. दौलताबादचा किल्ला, तीन कोटींची रक्कम आणि खुद्द दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करणें त्यास भाग पडलें. सारे मराठे सरदार एकत्र लढले असे हे अखेरचे युद्धप्रसंग.

या विजयावर शाहिरांचे डफ कडाडले नसते तरच नवल. प्रभाकरानें पोवाडा रचला, आणि अनंत फंदीनेंही रचला. खर्ड्याच्या रणभूमीपासून जिल्ह्यांतल्या कोणत्याही गांवीं बातमी पोंचण्यास फार दिवस लागले नसतील. तोफांच्या आवाजाची आठवण ताजी असतां तो पोवाडा लोकांनीं ऐकला असला पाहिजे. पोवाडा हें त्या काळचें वर्तमानपत्र होतें. कोण कोण सरदार जमले, कोण कोठें उभा राहिला, कोणी पाठ दाखविली, हें सारें नांवनिशीवार सांगणें हा त्याचा धर्म. शिपायाच्या घरच्या माणसांना आपल्या पथकाच्या सरदाराचें नांव त्यांत ऐकूं आलें म्हणजे उर भरून येई. बखरकार राजासाठीं लिही, शाहीर या माणसांसाठीं गाई.

आतां हे सन शेजारीं ठेवावे. खर्ड्याची लढाई मार्चांत, अहिल्याबाईंचा अंत ऑगस्टांत. तेव्हां फंदीनें तमाशा सोडला तो खर्ड्यापूर्वीं तरी सोडला असला पाहिजे, किंवा त्यानंतरच्या पांच महिन्यांत. शिवाय २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवरावांचा शोकपर्यवसायी अंत झाला. त्या तरुण पेशव्याच्या चरित्रावर फंदीनें ‘श्रीमाधवनिधान’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचला, आणि तो दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींतला आहे. पुण्याच्या राज्याला जी उतरती कळा लागली तीही त्याच्या कवितेंत उमटली. ही रचना उपदेशानंतरची. तमाशा सोडल्यावर देवाखेरीज दुसरें कांहीं गावयाचें नाहीं असा निर्बंध त्यानें स्वतःवर घातला नव्हता, हें यावरून उघड होतें. राजा मेला, राज्य खचलें, लोकांचे हाल झाले, तर त्याविषयीं बोलणें हें आपलें काम आहे ही शाहिराची जाण त्याच्यापाशीं शाबूत राहिली. आसन बदललें, साक्षीदार तोच राहिला.

त्याचे फटके पाहिले म्हणजे हीच गोष्ट दुसऱ्या अंगानें दिसते. फटका हा काव्यप्रकार लोकप्रिय करण्याचें श्रेय मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत फंदीकडे जातें. संसारी माणसानें रुळलेली सरळ वाट सोडून आडवाटेस लागूं नये, दुसऱ्याच्या ऐवजावर डोळा ठेवण्यापेक्षां स्वकष्टाच्या साध्या अन्नांत समाधान मानावें, असा व्यवहारोपदेश करणारा त्याचा फटका मराठी शाळांच्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या मुलांनीं पाठ केला आहे. त्यांतील उपदेश नवा नाहीं. घरोघरच्या वडील माणसांच्या तोंडीं तो असतोच. नवा आहे तो त्याचा आवेश. एका दमांत म्हणतां येणारे चरण, टाळीसारखें पडणारें यमक, आणि प्रत्येक वाक्यांत समोरच्या माणसाला थेट केलेली आज्ञा. हें कसब पोथीवरून येत नाहीं. सवाल-जवाबाच्या रात्रींत, उठून जाऊं पाहणाऱ्या श्रोत्याला शब्दानें जखडून ठेवतां ठेवतां, तें जिभेवर बसतें. ज्या तमाशाला सोडून आल्याबद्दल फंदीची वाहवा होते, त्याच तमाशानें त्याला हा फटका मारावयास शिकविलें होतें.

कीर्तन आणि तमाशा यांच्यांत समाजानें मोठी भिंत घातली होती. पण गाणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर ती तितकीशी जाड नव्हती. दोहोंकडे गाणारा उभा, श्रोते समोर. दोहोंकडे आरंभीं देवाचें स्तवन. दोहोंकडे पद, कथा, विनोद आणि उत्स्फूर्त वाणी. डफाच्या जागीं वीणा, ढोलकीच्या जागीं मृदंग. हरदास पूर्वरंगांत तत्त्व सांगतो आणि उत्तररंगांत आख्यान लावतो. शाहीर गणांत देवाला आळवतो आणि पोवाड्यांत वीराला. राम जोशीही उत्तर आयुष्यांत मोरोपंतांच्या काव्याकडे आणि कीर्तनाकडे वळला, तो याच सोयीच्या वाटेनें. फरक पडला तो श्रोत्यांच्या आणि गाणाऱ्याच्या दर्जांत. वीणा गळ्यांत आली आणि तोच माणूस देवळांत पाटावर बसण्यास योग्य ठरला. यांत फंदीचा लाभ झाला यांत संशय नाहीं. परंतु मलिक, रतन, राघव या साथीदारांचें काय? देवळाच्या सभामंडपांत फकिराला कीर्तनकाराचा झीलकरी म्हणून उभें राहतां येत नव्हतें. फंदीला जें दार उघडलें तें त्याच्या जातीमुळें उघडलें. ज्यांच्या आवाजावर आवाज चढवून तो मोठा झाला त्यांच्यासाठीं तसें दुसरें दार नव्हतें. उपदेशाच्या गोड कथेंत ही बाजू कोणी सांगत नाहीं. इतिहासानें ती सांगितली पाहिजे.

त्याची अखेरची वर्षें राज्याच्या अखेरच्या वर्षांशीं जोडलेलीं आहेत. १८०० सालीं नाना फडणीस गेले. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला, आणि वर्षअखेर बाजीरावानें वसई येथें इंग्रजांचा आश्रय केला. १८०३–०४ च्या भयंकर दुष्काळांत नगर, नाशिक आणि खानदेश या भागांतील गांवें ओस पडलीं. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. पुढच्याच वर्षीं, १८१९ सालीं, पंचाहत्तरीच्या आसपास अनंत फंदी कालवश झाला. पेशवाईचा मध्यान्ह, तिचा उतार आणि तिचा अस्त हे तिन्ही प्रहर एका आयुष्यांत पाहिलेला असा दुसरा शाहीर क्वचित् सांपडेल. त्याच्या मुलानेंही ही परंपरा पुढें चालविली. लोक त्याला सवाई फंदी म्हणत.

शाहिरांचें बरेंचसें कवित्व वाऱ्यावर गेलें. जें राहिलें तें गाणाऱ्यांच्या गळ्यांत आणि कांहीं हौशी लोकांच्या बाडांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानें शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्यानें पोवाडे गोळा केले. त्यांचा संग्रह १८९१ सालीं प्रसिद्ध झाला. शाळिग्रामांनीं पुढें फंदीच्या कविताही संपादून छापल्या, आणि यशवंत नरसिंह केळकरांनीं ऐतिहासिक पोवाड्यांचा कसून शोध केला. संगमनेरकरांनींही आपल्या कवीला विस्मृतींत टाकलेलें नाहीं. त्याच्या नांवानें चालणारी व्याख्यानमाला हें त्याचें जिवंत स्मारक होय. ज्याच्या धंद्याची एके काळीं लाज वाटे, त्याच्या नांवानें गांव विद्वानांना बोलावतें, हा काळाचा न्याय म्हटला पाहिजे.

तरी त्याचें स्मरण करतांना आयुष्याचा अर्धाच भाग उजेडांत धरण्याची संवय सोडली पाहिजे. अनंत फंदी कीर्तनकार झाला म्हणून थोर नव्हे, आणि तमासगीर होता म्हणून हीन नव्हे. कोणाच्या आश्रयावांचून, नुसत्या आवाजाच्या बळावर, अनोळखी समुदायापुढें उभें राहण्याची विद्या त्यानें पन्नास वर्षें होईतों कमावली, आणि उरलेल्या आयुष्यांत तीच विद्या राज्याच्या दुःखासाठीं आणि सामान्य संसारी माणसाच्या हितासाठीं खर्च केली. डफ त्यानें सोडला. डफानें शिकविलेलें मात्र शेवटपर्यंत सोडलें नाहीं.